दिपेश मढवीची पळण्यावर बंदी

दिपेश मढवीला मी तोंडावर दादा म्हणायचो. मनात काय म्हणायचो ते लिहिण्यासारखं नाही.

बेचाळीस वर्षांचा माणूस. गळ्यात करंगळीएवढी जाड चेन, खाली बर्म्युडा, पायात घरातली स्लिपर आणि डोक्यात एकच विषय, बंदुकांच्या गेममध्ये माणसाने पळावं की पळू नये. या वयात लोकांना मुलांच्या ॲडमिशनची काळजी असते, नाहीतर गुडघ्यांची. ह्याला कीबोर्डवरच्या शिफ्ट बटणाची काळजी होती. त्याच्या गेमिंग कॅफेत कोणीही नवा आला की पाच मिनिटांच्या आत हा त्याच्या खुर्चीमागे उभा राहून विचारणार, "पलतंस कला?" म्हणजे, पळतोस कशाला. समोरच्याला आधी वाटायचं, हे काहीतरी घरचं विचारताहेत.

डोंबिवली पूर्वेला सागावात मढवींच्या शेतावर बिल्डरने सात मजले चढवले आणि तळमजल्याचे दोन गाळे ह्या भावांना दिले. मोठ्या भावाने एकात हार्डवेअरचं दुकान टाकलं. ते चालतं. दिपेशने दुसऱ्यात 'गावदेवी गेमिंग झोन' काढलं. दहा कॉम्प्युटर, दहा लाल-काळ्या खुर्च्या, दोन वर्षं झाली तरी खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक तसंच. उन्हाळ्यात त्या प्लॅस्टिकला पाठ चिकटायची आणि उठताना चर्र आवाज यायचा. प्लॅस्टिक काढा म्हटलं तर म्हणायचा, "नवीन हाय अजून." आयुष्यात स्वतः काही न कमावता हातात आलेल्या वस्तूची माणूस अशीच काळजी घेतो, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे. मला ते वाक्य फार आवडायचं.

माझं नाव राजरत्न. राहतो कल्याणजवळ मोहन्याला आणि नोकरी ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये. एका छोट्या कंपनीत मी गेम टेस्ट करतो. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेले गेम दिवसभर खेळायचे आणि त्यातल्या चुका लिहून काढायच्या. सहा वर्षांत माझ्यामुळे सुधारलेले गेम किती असतील त्याला हिशोब नाही, पण एकाच्याही शेवटी माझं नाव येत नाही. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. मला ह्या विषयातलं कळतं आणि दिपेशला कळत नव्हतं, एवढंच सांगायचं आहे.

ज्यांनी असले गेम कधी बघितले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन टीम असतात, प्रत्येकाच्या हातात बंदूक. साधं चालता येतं आणि शिफ्ट दाबून धरलं की पळता येतं. पळताना गोळी मारता येत नाही, बंदूक खाली असते. थांबल्यावर ती वर यायला क्षणभर लागतो, आणि तेवढ्यात माणूस मरू शकतो. शिवाय पळणाऱ्याच्या पावलांचा आवाज लांबपर्यंत जातो. म्हणजे पळण्याचा फायदा आहे तशी त्याची शिक्षाही आहे. हे बनवणारे लोक मूर्ख नसतात. ते महिनोन्‌महिने मोजून हे दोन्ही सारखं बसवतात. माझ्या धंद्यात त्याला बॅलन्स म्हणतात.

हे सगळं मी दिपेशला किमान वीस वेळा समजावलं असेल. तो तोंडात बडीशेप टाकून ऐकायचा आणि मग म्हणायचा, "नाय पटत मना."

त्याचं म्हणणं असं. गेममध्ये कुठे उभं राहायचं हे ज्याला कळतं तो खरा खेळाडू. जो चुकीच्या जागी उभा राहिला त्याने मेलं पाहिजे. पण हा गेम पळायचं बटण देऊन चुकणाऱ्याला वाचवतो. "चूक केली, शिफ्ट दाबला, पलाला. मंग ज्याने चूक नाय केली त्याला काय भेटला?" दुसरं म्हणणं, पळायला दिलं म्हणून नकाशे मोठे करावे लागले, आणि नकाशे मोठे झाले म्हणून पळावं लागतं. "म्हंजे मिलवला काय? होता तिथंच. नुसती धावपल." हा मुद्दा बाहेरच्या देशांतले मोठमोठे गेम बनवणारेही मांडतात, हे मला माहीत होतं. मी ते त्याला कधीच सांगितलं नाही. तो आधीच कमी फुगलेला नव्हता.

ही अक्कल त्याला कुठून आली तेही सांगतो. सागावच्या जुन्या गावठाणात घरं एकमेकांना खेटून आहेत. तिथल्या गल्लीत अंडरआर्म क्रिकेट चालतं आणि त्यात कोणी पळत नाही, कारण पळायला जागाच नाही. चेंडू कुठे लागला त्यावर धावा. केण्यांच्या भिंतीला लागला तर दोन, विहिरीपलीकडे टप्पा पडला तर चार, देवळाच्या आवारात गेला तर आउट. आणि ज्याच्या घरची बॅट, त्याला टीमबाहेर ठेवायचं नाही, मग तो कसाही खेळो. बॅट मढवींची असायची. पण खोटं का बोलू, दिपेश त्या गल्लीत खरंच जबरदस्त खेळायचा म्हणतात. पंधरा वर्षं त्याला कोणी लवकर आउट केलं नाही. मग एकदा तो गावाच्या टीममधून मोठ्या मैदानावर गेला. पहिलाच चेंडू त्याने क्रीझबाहेर येऊन झकास मारला आणि तिथेच उभा राहिला. अंपायर किती धावा झाल्या ते सांगेल म्हणून वाट बघत राहिला. समोरचा बॅट्समन पळत त्याला ओलांडून क्रीझमध्ये पोचला तरी हा हलला नाही. दोघं एकाच टोकाला, सगळं मैदान हसतंय, आणि हा रनआउट.

दुसरा कोणी असता तर पळायला शिकला असता. ह्याने पळणं हीच गोष्ट फालतू आहे असं ठरवून टाकलं. ही गोष्ट त्याने स्वतः मला हसत हसत सांगितली होती, आणि मी ती पुढे किमान पन्नास जणांना सांगितली.

मग तुम्ही विचाराल, एवढं होतं तर त्याच्याकडे जायचोच कशाला. गरज होती म्हणून. आमच्या भागात चौघांची एक चांगली टीम तयार झाली होती. कॅप्टन पायल, ठाण्यात कोपरीला राहणारी, बँकेच्या परीक्षा देणारी, आणि मी बघितलेल्या खेळाडूंमध्ये सगळ्यात शांत डोक्याची. तिच्याबरोबर सलिल आणि नयन, दोघंही कल्याणचे. दिपेशच्या कॅफेतली मशीन उत्तम होती आणि टीमला तो फुकट बसू द्यायचा. बदल्यात चौथी खुर्ची त्याची. मशीन ज्याची तो टीममध्ये, गल्लीतल्या बॅटसारखंच. मी राखीव. मी त्याच्यापेक्षा दसपट बरा खेळायचो आणि त्याच्या पाठीमागे उभा राहून तो मरताना बघायचो. तो चालत जायचा, बाकीचे तिघे पळत पुढे गेलेले असायचे, आणि हा एकटा मागून डुलत डुलत येताना कोणाच्या तरी हाती लागायचा. मेल्यावर खुर्ची मागे सरकवून म्हणायचा, "बघ, पलत आला आनि मारला. काय हुशारी हाय त्यात?"

मार्च महिन्यात ठाण्यातल्या एका हॉलमध्ये मोठी स्पर्धा जाहीर झाली. मोठा पडदा, स्टेज, खेळाडूंची नावं पडद्यावर. मला तिथे खेळायचंच होतं. एकोणतीस पूर्ण झाली होती. ह्या खेळात त्या वयानंतर नवीन माणसाला कोणी विचारत नाही. सहा वर्षं मी लोकांच्या चुका शोधत खुर्चीत बसलो होतो. एकदा तरी माझं नाव त्या पडद्यावर यावं आणि आईने समोर बसून ते वाचावं, एवढंच हवं होतं. मध्ये फक्त हा स्लिपर घातलेला माणूस होता.

दिपेशने दुसऱ्याच दिवशी गावाच्या कमानीवर फ्लेक्स चढवला. 'ठाणे जिंकायला निघालेले सागावचे वाघ.' चौघांतले तिघं सागावचे नव्हतेच. मधोमध दिपेशचा फोटो, गॉगल लावलेला, बाकीच्या तिघांच्या दुप्पट. मला तो फ्लेक्स बघून शिसारी आली. पायलनेही तो बघितला आणि त्याच संध्याकाळी तिने दिपेशला बाजूला घेतलं. मी ऐकण्याएवढा जवळ होतो.

"दादा, राग मानू नका," ती म्हणाली. "ठाण्याला समोरचे सगळे पळणारे असणार. चौथा कोण ते खेळून ठरवूया. तुम्ही आणि राज, एकास एक. जिंकेल तो येईल."

मला वाटलं, आता हा मशीनच्या वायरी उपटून हातात देईल. दिपेशने बडीशेप चावली. "चालेल," म्हणाला. "पन माझ्या नियमात. पलायचा नाय."

"ठाण्यात पळतात, दादा," पायल म्हणाली.

"ठान्याचा ठान्याला. खेल कोनाला येतो ते तर बघू."

पायलने माझ्याकडे बघितलं. मी लगेच हो म्हणालो. इतक्या लगेच, की तिने भुवई वर केली.

एकास एक सामना मंगळवारी दुपारी ठरला. माझी त्या दिवशी सुट्टी. दिपेशने सांगितलं, फक्त दोघंच, बाकीच्यांनी सहाला यावं. गावात फ्लेक्स लावून बसलेल्या मालकाला हरताना कोणी बघायला नको, दुसरं काय. मी पोचलो तेव्हा शटर अर्धं खाली होतं आणि आत हा खाली वाकून स्क्रूड्रायव्हरने कीबोर्डची बटणं उचकटत होता. दहाच्या दहा कीबोर्डांची शिफ्ट बटणं काढून त्याने एका वाटीत ठेवली होती. नुसती डाव्या बाजूचीच नाही, उजवीकडचीही.

"आता कोन पलतंय बघू," म्हणाला.

मी कपाळाला हात लावला. गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन एक टिक काढली असती तर पळणंच बंद झालं असतं. ते ह्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. कारण त्याच सेटिंगमध्ये अजून एक गोष्ट असते. पळण्यासाठी शिफ्टच लागतं असं नाही, कुठलंही बटण ठरवता येतं. दिपेश बाटलीत पाणी भरायला मागे गेला तेवढ्यात मी माझ्या माउसच्या बाजूचं अंगठ्याखालचं छोटं बटण पळण्यासाठी लावून टाकलं. दहा सेकंदांचं काम. मला जराही वाईट वाटलं नाही. ज्या माणसाला पळणं म्हणजे प्लॅस्टिकचा एक तुकडा वाटतो, त्याच्याशी कसलं इमान राखायचं, असं माझं म्हणणं होतं.

सात राउंड, चार जिंकेल तो पुढे. नकाशा आमचा नेहमीचा, मध्ये एक गोदाम, दोन्ही बाजूंना गेट, मागून एक जिना. दिपेशची खेळायची पद्धत मला पाठ होती. तो तोंडाने मोजायचा. माझ्या गेटपासून गोदामाच्या दारापर्यंत चालत यायला अकरा सेकंद लागतात, हे त्याने कधीतरी घड्याळ लावून मोजलं होतं. दहा म्हणेपर्यंत तो निवांत इकडेतिकडे बघत जायचा आणि मग दाराकडे बंदूक लावायचा.

पहिल्या राउंडला मी सातव्या सेकंदाला दारात होतो. तो पाठमोरा होता. मारला. दुसऱ्या राउंडला जिन्याने गेलो, तिथेही त्याच्या मोजणीच्या आधी. तो अजून "आठ" म्हणत होता. मारला. दोन-शून्य. शेजारच्या खुर्चीवरून त्याने हेडफोन जरा नीट केला आणि माझ्याकडे बघितलंही नाही. मला हसू आवरत नव्हतं. मनात ठाण्याच्या स्टेजवर जाऊन बसलोही होतो.

तिसऱ्या राउंडला त्याने मोजलं नाही. मी पळत दारापाशी आलो, थांबलो, बंदूक वर येईपर्यंतच्या त्या क्षणात गोळी डोक्यात. नशीब म्हणून सोडून दिलं. चौथ्याला मी जिन्याने गेलो. तो जिन्याच्या वरच्या तोंडाशी बसला होता, जणू मी तिथूनच येणार हे कोणी सांगितलं होतं. पाचव्याला मी अर्ध्या वाटेपर्यंत पळालो आणि मग चालायला लागलो. आवाज जिथे थांबला तिथे तो बरोबर नेम धरून उभा होता. माझा अंगठा घामाने सरकत होता. सहाव्याला शहाण्या माणसाने पळणं सोडून दिलं असतं. मी सोडलं नाही. मला ते सोडता आलं नाही, कारण पळाल्याशिवाय मी त्याला हरवू शकेन की नाही हे मला माहीत नव्हतं. सुरुवात झाल्यापासून बटण दाबून धरलं आणि गोदामात शिरलो. त्याने मला मधल्या खांबाशी मारलं, एका गोळीत.

चार-दोन.

मी हेडफोन काढून काहीतरी बोलणार होतो, माउसबद्दल किंवा उकाड्याबद्दल. दिपेशने खुर्ची माझ्याकडे वळवली. प्लॅस्टिक चर्र वाजलं.

"चोरून पललास ते बरा नाय केला," तो म्हणाला.

मला वाटलं, आता आवाज चढेल, आता आई-बहीण निघेल. मी उत्तर तयार ठेवलं होतं. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. पण हा बाबा खुर्चीच्या टोकाला येऊन बसला होता आणि त्याचे डोळे चकाकत होते.

"दुसऱ्या राउंडला ऐकला मी," म्हणाला. "जिन्यावर. चालनाऱ्याचा पाय असा पडत नाय."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोललो असतो तर तू थांबला असतास. मना बघाचा होता ना. वर्षभर बोंबलतो मी, की पलनाऱ्याला मारता येत नाय, अन्याय हाय. आनि कधी बघितलाच नव्हता नीट. दोघं पलतात तवा कायच ऐकू येत नाय, नुसता गोंधल. आज तू पलत होतास आनि मी नाय. एकदम साफ." त्याने बोटं मोजली. "तू दोन मारले, मी चार. म्हंजे पलनाऱ्याला त्याची शिक्षा भेटते. तू बोलायचास तेच खरा. बॅलन्स हाय."

वीस वेळा समजावून जे त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं ते मी फसवल्यावर शिरलं होतं, आणि ते मान्य करताना त्याला काडीचीही लाज वाटत नव्हती. मी इतक्या वर्षांत कुठल्याच बाबतीत माझं मत बदललेलं मला आठवत नाही. नोकरीत कोणी माझी चूक दाखवली तर मी दोन दिवस त्याच्याशी बोलत नाही. हा माणूस स्वतःचीच चूक सापडली म्हणून खूश होता.

"मग आता?" मी विचारलं.

"आता बंदी उठली." तो उठला, वाटी घेतली आणि शिफ्टची बटणं एकेका कीबोर्डवर अंगठ्याने दाबून बसवायला लागला. पाठ माझ्याकडे. "आनि ठान्याला तू जा."

"जिंकलात तुम्ही."

"एकाला ऐकून मारला मी. तिथं चार जन चार बाजूंनी पलत येनार. तेवढा ऐकायला मना नाय जमनार, माझा मना ठाव हाय. तिथं पलनारा लागतो. तू पलतोस."

मी त्याला सांगायला हवं होतं की मला नको. निदान, पायलला खरं सांगून मग ती ठरवेल तसं करू, एवढं तरी. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण मग पडदा दिसला, त्यावरचं नाव दिसलं, आणि समोर बसलेली आई.

"पायल म्हणालेली, जिंकेल तो येईल," मी म्हणालो. "तिला काय सांगायचं?"

त्याने वाटीतून शेवटचं बटण उचललं. मग ते दाबून बसवलं. "तू जिंकलास सांगू. नाय तर ती तुला घेनार नाय. लई सरल पोरगी हाय ती."

"आणि कमानीवरचा फ्लेक्स?"

"उतरवतो उद्या," तो म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदा काहीतरी पडल्यासारखं झालं, पण ते त्याने बडीशेपेबरोबर गिळलं.

सहाला पायल, सलिल आणि नयन आले. शटर वर करून आत येताच पायलने दोघांच्या तोंडाकडे बघितलं. तिने मला विचारलं असतं तर मी काय बोललो असतो, हे मी त्यानंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. तिने मला विचारलं नाही. तिने दिपेशकडे बघितलं.

"राज," दिपेश म्हणाला. "चार-दोन."

सलिल हसला. "काय दादा, तुमच्याच नियमात हरलात?"

"माझ्याच नियमात," दिपेश म्हणाला आणि स्लिपर घासत पाणी आणायला मागे गेला.

नयननेही मग हसून घेतलं. मढवीशेठ, वाघ, कमान, सगळं निघालं. हे सगळं मी त्यांना शिकवलेलं होतं, माझीच वाक्यं होती ती. आतून नळाचा आवाज येत होता आणि तो ऐकतोय हे मला कळत होतं, कारण त्याला सगळं ऐकू येतं हे आता मला माहीत होतं.

पायलने हात पुढे केला. "अभिनंदन राज," ती म्हणाली.

मी तिचा हात हातात घेतला आणि थँक्यू म्हणालो.